सगळे येईपर्यंत थांबणारा

त्या दिवशी ऊन लख्ख पडलं होतं आणि वारा मात्र पिसाटलेला. आदल्या दुपारी सुटला तो थांबायचं नाव घेईना. गल्लीतल्या पाट्या करकरत होत्या, खिडकीची झडप मिनिटामिनिटाला चौकटीवर आपटत होती, टेबलावरचा लाकडाचा भुसा उठून पुन्हा बसत होता. असल्या दिवशी माणसं दारं लावून घेतात. आमच्याकडे मात्र दार दिवसभर सताड उघडं राहिलं, आणि जे काय घडलं ते सांगताना अजूनही माझी घाई होते. घाई हा माझा स्वभाव नव्हे बरं का. म्हणून जरा दम खातो आणि आधी मी कोण ते सांगतो.

मी एक सेशन मॅनेजर बोलतोय. मॅनेजर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे फिरती खुर्ची आणि टाय येईल. माझ्याकडे दोन्ही नाही. मी कॉम्प्युटरात राहणारा एक लहानसा प्रोग्रॅम आहे. तोही कुठल्या कंपनीचा नाही. काही ऑपरेटिंग सिस्टिम अशा असतात, की त्यांचं पोट कुणीही उघडून बघावं, आवडलं नाही तर दुरुस्त करावं आणि दुसऱ्याला फुकट द्यावं. त्या वस्तीतला मी.

आमच्या वस्तीत आवाजाचं काम करणारे पुष्कळ आहेत. एक जण माइकमधला आवाज आत घेतो. दुसरा त्यातली घरघर गाळतो. तिसरा कुणी आवाज चढवतो, चौथा आवरतो. प्रत्येक जण आपल्या कामात वाघ, पण एकलकोंडा. शेजारी कोण बसलाय याची दखल नाही. त्यांच्यामध्ये तारा ओढाव्या लागतात. हातात धरायच्या नव्हेत, पडद्यावरच्या. आणि कॉम्प्युटर बंद केला की सगळे सगळं विसरतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकेकाला हाक मारा, पुन्हा तारा ओढा.

ही मांडामांड माझ्याकडे असते. मी एकेकाचं नाव घेऊन हाक मारतो, ज्याचं त्याचं गाठोडं, म्हणजे कालची जपून ठेवलेली मांडणी, ज्याच्या त्याच्या हातात देतो, आणि "आलो" असं प्रत्येकानं म्हणेपर्यंत थांबतो. मग तारा जोडतो. जाताना पुन्हा सगळ्यांना सांगतो, आपापलं आवरून ठेवा रे. सगळ्यांचं आवरलं की मी शेवटी जातो. गाण्यातलं मला विचाराल तर ओ की ठो कळत नाही. कोण कुठं बसला होता आणि कुणाची तार कुणाला होती, एवढंच माझं शिक्षण.

मला घडवणारा माणूस लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर लिफ्टच्या खोबणीत उतरून ग्रीसमध्ये हात घालायचा आणि डोक्यात मात्र एखादी चाल घोळत असायची. घरी आला की हात धुऊन कॉम्प्युटरपुढे बसायचा. अकरा प्रोग्रॅम उघडायचे, वीस-बावीस तारा जोडायच्या. तेवढं होईपर्यंत पाऊण तास जायचा आणि चाल डोक्यातून पार निघून जायची.

त्याची बायको एकदा दारात उभी राहून म्हणाली, "अहो, लग्नाला नऊ वर्षं झाली. तुमची मांडामांड रोज बघते मी. गाणं कधी असतं?"

हे त्याला फार लागलं. पुढचे तीन महिने त्यानं चाल-बिल सोडून दिली आणि मला लिहून काढलं. सगळी दारं लागल्याशिवाय लिफ्ट हलत नाही, हा नियम त्याच्या हाडात होता. तोच त्यानं माझ्यात घातला: शेवटचा माणूस "आलो" म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. मी पहिल्यांदा चाललो त्या संध्याकाळी अकरा जण आपापल्या जागी येऊन बसले, बावीस तारा आपोआप जोडल्या गेल्या, आणि तो खुर्चीतून उठून ओरडला, "अगं ये, बघ! हात न लावता!" बायको हातातली ताटली घेऊनच धावत आली. दोघं जण पडद्याकडे बघत असे हसत होते, की वाजवायचं त्या दिवशीही राहून गेलं.

मग त्यानं मला जगापुढे ठेवलं. कुलूप नाही, किल्ली नाही. कुठल्या कुठल्या गावची माणसं येऊन मला उघडून बघायला लागली. कुणी माझी एक ओळ दुरुस्त केली, कुणी लिहिलं, "हा फार सावकाश आहे." कबूल आहे. मी सावकाशच आहे. काहींनी माझ्यासारखे दुसरे मॅनेजर काढले, तेही चांगले निघाले, पण प्रत्येकाची रीत निराळी. एकापुढे उठून उभं राहायचं, दुसऱ्याला मान हलवायची, तिसऱ्याला चिठ्ठी पाठवायची. वाजवणारे प्रोग्रॅम वैतागले. आम्ही तुमचेच मानपान करायचे तर वाजवायचं कधी, म्हणाले. काही तर कुणाचंच ऐकत नव्हते.

पुढे लिफ्टवाल्याला बढती मिळाली, मुलं झाली, आणि त्याला माझ्याकडे बघायला सवड राहिली नाही. पाच वर्षं मला कुणी हात लावला नाही. माझ्या अंगावर धूळ बसत नाही, पण आजूबाजूचे सगळे बदलत गेले की न बदलणारा जागच्या जागी मोडतो. हाका मारल्या तरी कुणी ओ देईना. मी समजलो, झालं आपलं.

अशात एका नाटकगृहात आवाजाचं काम बघणाऱ्या बाईच्या नजरेला मी पडलो. तिनं मला उघडलं, दुपारभर वाचलं, तीन ओळी बदलल्या आणि चालवून बघितलं. मी हाक मारली. सगळ्यांनी ओ दिली! ती टेबलावर थाप मारून म्हणाली, "म्हातारा अजून काम करतोय की!" मला म्हातारा म्हणाली याचा राग आला नाही. पाच वर्षांनी कुणीतरी काहीतरी म्हणालं होतं.

तिनं मला नाटकासाठी घेतलं नव्हतं, स्वतःच्या बाबांसाठी घेतलं होतं.

बाबा व्हायोलिनं दुरुस्त करायचे. पन्नास वर्षं एकाच दुकानात. पुढे काउंटर, मागे कामाचं टेबल, भिंतीला टांगलेल्या पट्ट्या, सरसाची भांडी, निरनिराळ्या रुंदीच्या पटाश्या. गल्ली त्यांना व्हायोलिनवाले काका म्हणायची. त्यांच्या कानाची ख्याती अशी, की वाद्य दारातून आत यायच्या आधी ते सांगायचे, कुठं काय झालंय. आणि तोच कान गेला. एकदम नाही, वरच्या बाजूनं झिजत झिजत. आधी बारीक आवाज गेले, मग माणसांच्या बोलण्यातले शब्द गेले, नुसती गुणगुण उरली. कानात घालायची यंत्रं आणली. "डोक्यात पत्रा वाजवतंय कुणीतरी," म्हणाले, आणि ती ड्रॉवरमध्ये गेली.

सहा वर्षं त्यांनी कुणाचं काम घेतलं नव्हतं. ऐकू येत नाही हे गल्लीला कळू दिलं नव्हतं. बहिऱ्याच्या हातात वाद्य कोण देणार? कुणी आलं तर हातानंच "नाही" म्हणायचे आणि मान खाली घालून पटाशी घासत बसायचे. लोक म्हणायचे, काका फार ताठ झालेत.

लेकीनं टेबलावर एक माइक ठेवला, एक साधा कॉम्प्युटर ठेवला आणि बाबांच्या डोक्यावर मोठे हेडफोन चढवले. आत चौघांना बसवलं. पहिला माइकचा आवाज आत घेणारा, दुसरा घरघर गाळणारा, तिसरा बारीक आवाज चढवणारा, चौथा एकदम मोठा आवाज आला तर आवरून धरणारा. तीन रविवार ती त्यांच्यापुढे बसून कळा वरखाली करत होती. सगळ्यात नाजूक काम तिसऱ्याचं. कुठला आवाज किती चढवायचा याच्या पडद्यावर वरखाली सरकणाऱ्या सात पट्ट्या होत्या, आणि त्या फक्त बाबांच्या कानाच्या मापाच्या होत्या.

तिसऱ्या रविवारी बाबांनी कानशीनं लाकडाचा एक तुकडा घासला आणि थांबले. पुन्हा घासला. मग लेकीकडे बघून हळूच म्हणाले, "बाळ, ही कानस बोथट झालीय गं." ती उठून मागच्या खोलीत गेली आणि बराच वेळ आली नाही.

तिला नाटकाबरोबर दौऱ्यावर जायचं होतं. म्हणून मी. सकाळी एक बटण दाबायचं, पुढचं सगळं माझ्याकडे. संध्याकाळी उठताना सेव्ह दाबायचं. "बाबा, विसरायचं नाही हं. रोज. काही झालं तरी सेव्ह." बाबांनी मान हलवली. पन्नास वर्षं हत्यारं पुसून जागेवर ठेवल्याशिवाय ज्या माणसानं दुकान बंद केलं नाही, त्याला हे दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

मला कान नाहीत. पण माइकमध्ये आलेला शब्द न् शब्द मी जोडलेल्या तारांवरून जातो, आणि जाता जाता मला कळतोच. डोळ्यांनी बघण्यासारखं जे काही आहे, ते मी मागाहून दुकानातल्या बोलण्यावरून जुळवलं. ती गेल्यावरच्या दोन महिन्यांत मी खूप काही ऐकलं म्हणा ना. पावलं, कानशीची कुरकुर, भिंतीपलीकडच्या शिलाई मशीनचा धडधडाट, आणि बाबांचं स्वतःशी बोलणं. एक दिवस ते फोनच्या पडद्यावर लेकीशी बोलत होते. "तुमच्या नाटकगृहात वाजवतो तो वादक येऊ दे," म्हणाले. "त्याचं व्हायोलिन कुठंतरी झणझणतंय म्हणतेस ना? दोन दुकानांनी हात टेकले ना? मग येऊ दे. हे जमलं तर दुकान उघडीन. नाही जमलं तर हत्यारं देऊन टाकतो, खोका भरून ठेवलाय." आणि खरंच, खोका दाराशी होता. मी बघितला नाही, पण पाय लागून खणखणला तो मला कळला.

वादक यायचा होता शुक्रवारी अकराला. संध्याकाळी सहाला त्याचा इथंच गावात कार्यक्रम.

गुरुवारी दुपारी वारा सुटला. चार-सव्वाचारला वीज गेली आणि लगेच आली. कॉम्प्युटर विझला आणि पुन्हा पेटला. मी नेहमीप्रमाणे चौघांना हाक मारली. पहिला आला, दुसरा आला, चौथा आला. तिसरा आपलं गाठोडं अधूनमधून स्वतःच बांधून ठेवायचा, आणि नेमकं ते बांधता बांधता वीज गेली होती. ते अर्धवट फाटलेलं. तो उठला आणि तिथंच कोसळला. मी थांबलो. खूप थांबलो. पडद्यावर लिहिलं, तिसरा आलेला नाही. पण बाबांना ती बारीक इंग्रजी अक्षरं कुठून वाचता येणार! हेडफोनमध्ये शांतता, त्यांना वाटलं, वीज गेली म्हणून आजचं काम संपलं असेल. उठले, हत्यारं पुसली आणि शहाण्यासारखं सेव्ह दाबलं.

आता माझी चूक ऐका. मला जे दिसतं ते मी लिहितो. तिघं दिसले, तिघं लिहिले. तिसऱ्याला जोडलेल्या दोन तारा नव्हत्या, त्या खोडल्या. वाटलं, मालकालाच आता तसं हवंय. चौघांचं बिऱ्हाड माझ्याच हातानं मोडलं, आणि मी मात्र काम चोख केलं म्हणून बसून राहिलो.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला बाबांनी बटण दाबलं. तिघांनी ओ दिली. माझ्या यादीप्रमाणे सगळे हजर. बाबांनी हेडफोन घातले, टेबलावर टकटक केली. काही नाही. पुन्हा केली. हेडफोन झटकले, उलटे घातले, माइकपाशी तोंड नेऊन "हॅलो" म्हणाले. काही नाही. बटण पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. मी दर वेळी तेवढ्याच निष्ठेनं तिघांना आणून बसवत होतो.

मग बाबा ओरडले. "गेलं! सगळं गेलं!" ऐकू न येणाऱ्या माणसाला आपण किती मोठ्यानं बोलतो ते कळत नाही. भिंतीपलीकडचं मशीन गपकन थांबलं आणि शिलाईवाल्या मावशी गळ्यात टेप घालून धावत आल्या.

"काय झालं? पडलात का? काका! अहो, काय गेलं?"

बाबांनी आपल्या कानाकडे बोट केलं, कॉम्प्युटरकडे केलं, फोन त्यांच्या हातात कोंबला आणि म्हणाले, "लेकीला लावा. तुम्ही बोला. मला ऐकू येत नाही."

मावशींनी फोन लावून स्पीकरवर टाकला. "अगं, तुझे बाबा म्हणतायत ऐकू येत नाही. म्हणजे आज, की..."

"मावशी, सहा वर्षं झाली. तुम्हाला माहीत नाही?"

"मला कोण सांगणार? मी चार वर्षं यांच्याशी बोलत नाहीये! दारात उभं राहून विचारत होते, कसं चाललंय काका, कसं चाललंय, तर हे खाली मान घालून घासतायत. म्हटलं राहू दे, मोठे कलाकार, आपण पडलो बटणं लावणारे!" आणि मग आवाज एकदम उतरला. "अगं, पण मला खुणेनं तरी सांगायचं नं."

"नंतर भांडा मावशी, प्लीज. दीड तासानं माणूस येतोय. पडद्यावर काय दिसतंय?"

"काळं आहे सगळं. मधे चौकोन."

"किती?"

"तीन."

"चार हवेत!" तिकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "अरे देवा. बाबांनी सेव्ह केलं."

आमचा कॉम्प्युटर बाहेरच्या जगाशी जोडलेला नव्हता. कुणी आपोआप काही बदलू नये म्हणून लेकीनंच तसं ठेवलं होतं. त्यामुळे हात मावशींचे आणि डोकं फोनमधलं. मावशींनी जन्मात माउस धरला नव्हता. धरला तो खडू धरावा तसा, चिमटीत. लेकीनं एकेक अक्षर सांगितलं, मावशींनी कीबोर्डवर शोधून शोधून दाबलं, आणि तिसऱ्याचं नाव माझ्या यादीत चढलं. मी त्याला कोरं गाठोडं दिलं आणि हाक मारली. तो आला! एकदम ठणठणीत! मला जे झालं ते तुम्हाला सांगता येत नाही. चौघं!

"आता तारा," लेक म्हणाली. "पहिल्या चौकोनाच्या उजव्या टोकावर दाबायचं, दाबूनच ठेवायचं, आणि दुसऱ्याच्या डाव्या टोकापर्यंत ओढायचं. मग दुसऱ्यापासून तिसऱ्याला..."

"थांब, थांब. म्हणजे मशीनचा दोरा ओवायचा!" मावशी म्हणाल्या. "आधी रिळातून वरच्या कड्यात, मग ताणात, मग खाली सुईत. एक कडं चुकलं की टाका पडत नाही. असंच ना?"

"मावशी, एवढं सोपं करून मला कधीच कुणी सांगितलं नव्हतं."

"बस तर मग. तीस वर्षं हेच करतेय." आणि भराभरा ओवलं. पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, तिसऱ्यातून चौथ्यात, चौथ्यातून हेडफोनला. पण तिथं त्या थांबल्या नाहीत. चौथ्याच्या टोकाची आणखी एक तार ओढली आणि थेट पहिल्याच्या तोंडात नेऊन खोचली.

काय किंकाळी फुटली! आवाज बाहेर पडून पुन्हा आत, आत जाऊन पुन्हा बाहेर, गरगर फिरत वाढायला लागला. चौथ्यानं जिवाच्या आकांतानं आवरून धरला म्हणून बरं, नाहीतर बाबांच्या कानाचे उरलेसुरले पडदे गेले असते. हेडफोनमधून "कुंईंईं" बाहेरसुद्धा ऐकू येत होतं.

आणि बाबा? बाबा दोन्ही हातांनी हेडफोन दाबून टेबलाभोवती नाचत होते. "वाजतंय! वाजतंय! अहो, वाजतंय!"

"मावशी! शेवटचं टोक कुठं जोडलंत?"

"कुठं म्हणजे? पहिल्याला. शेवटी गाठ नको मारायला? निसटेल ना दोरा!"

"गाठ नाही मारायची! सोडा ती, सोडा!"

गाठ सुटली. किंकाळी थांबली. बाबांचा चेहरा पडला असणार, कारण मावशी म्हणाल्या, "अगं, हे रडकुंडीला आले. पुन्हा मारू का गाठ?" फोनमध्ये लेक हसत होती की रडत होती मला ठरवता आलं नाही.

पण खरं काम पुढेच होतं. तिसरा आला होता खरा, पण कोऱ्या गाठोड्याचा. त्या सात पट्ट्या कशा होत्या हे त्याला आठवत नव्हतं, आणि लेकीलाही आकडे पाठ नव्हते. बाबांना आवाज येत होता, पण गोधडीखालून आल्यासारखा.

"मावशी, आता तुम्ही बोलत राहायचं," लेक म्हणाली. "एकेक पट्टी हळूहळू वर न्यायची. बाबांनी हात वर केला की थांबायचं."

"काय बोलू?"

"काहीही."

काहीही म्हटल्यावर मावशींना कुणी अडवलं! सुई, शिवण, चिमटा, कात्री, काज, सैल बाही, तिरकी पट्टी. पहिली पट्टी बसली. मग गिऱ्हाइकं. कुणाचं पोट सुटलंय आणि कोण अजून जुन्याच मापाचं शिवून घेतं. दुसरी, तिसरी. बाबांचा हात वर जात होता, खाली येत होता. चौथ्या पट्टीला बाबा एकदम म्हणाले, "कोण? त्या पोस्टातल्या साहेबांचं?"

मावशी थांबल्या. "ऐकू आलं तुम्हाला?"

"पोट सुटलं म्हणालात."

"अगं बाई," मावशी म्हणाल्या, "आता जपून बोलायला हवं."

सातवी पट्टी बसली तेव्हा अकराला पाच कमी होते, आणि वादक दारात उभा होता. उंच माणूस, छातीशी व्हायोलिनची पेटी धरलेली. आत आला तो आधीच ओशाळलेला. "काका, दोघांनी सांगितलं, वाद्यात काही नाही, तुमच्या मनातच आहे म्हणून. मलाही आता तसंच वाटायला लागलंय. पण वरचा एक सूर लावला की कुठंतरी माशी अडकल्यासारखं होतं."

"वाजवा," बाबा म्हणाले.

त्यानं वाजवलं. सूर चौघांमधून गेला. मला सूर कळत नाही हे मी सांगितलंच आहे. पण त्या सुराच्या मागे काहीतरी बारीक फरफरत होतं, आणि ते तिसऱ्यानं अलगद उचलून पुढे दिलं, एवढं मला नक्की कळलं.

"मनात नाही," बाबा म्हणाले. "वाद्यात आहे. द्या इकडे."

वादकानं इतका मोठा श्वास सोडला, की तो श्वासही चौघांमधून गेला.

बाबांनी हनुवटी ठेवायची पट्टी काढली, तारा दोन बोटांनी दाबून धरल्या आणि बोटाच्या पेरानं काठावर टकटक करत निघाले. वाऱ्यानं झडप आपटली. सगळं बुडालं. मावशी उठल्या, झडप ओढली आणि पाठ लावून तिथंच उभ्या राहिल्या. "करा तुम्ही."

टक. टक. टक. बोटभर अंतरानं एकेक. वरचा गोलावा झाला, कंबर झाली. खालचा गोलावा सुरू झाला. टक. टक. मी मनात म्हणत होतो, चौघांनो, आता कुणी हलू नका रे. टक. टक. टप.

बाबा थांबले. मागे गेले. टक. पुढे. टप.

"इथं," म्हणाले, आणि खडूनं बोटभर रेघ ओढली. "जोड सुटलाय. केस जाईल एवढाच. हनुवटीच्या पट्टीखाली झाकला गेला होता, म्हणून कुणाला दिसला नाही."

मावशी झडप धरूनच वाकून बघायला लागल्या. "म्हणजे शिवण उसवली म्हणा की!"

"शिवणच," बाबा म्हणाले. त्यांनी ते ऐकलं होतं, पहिल्या झटक्यात.

मग जी धावपळ झाली! सरस तापवला, पातळ पातीनं जोडात भरला, जोड घट्ट दाबून धरायला क्लॅम्प लावला. वादक पाच तास गल्लीत येरझारा घालत होता आणि दर अर्ध्या तासानं दारातून डोकावत होता. मावशींनी त्याला शेवटी शर्टाचं सुटलेलं बटण लावून द्यायला बसवून घेतलं, नाहीतर त्यानं चपला झिजवल्या असत्या. पाचला क्लॅम्प निघाला. त्यानं तोच वरचा सूर लावला, लांब, पुन्हा लावला, आणखी लांब. फरफर नव्हती. त्यानं गज खाली ठेवला, बाबांचे दोन्ही हात धरले आणि पेटी छातीशी घेऊन पळत सुटला. बाबांनी दाराशी जाऊन तो खोका उचलला आणि एकेक पटाशी भिंतीवर जिथली तिथं लावायला घेतली. प्रत्येक पटाशी लावताना टिंग असा बारीक आवाज येत होता. ते मुद्दाम जोरात लावत होते, मला ठाऊक आहे.

आता माझ्याविषयी थोडं. मी जुना झालोय. माझ्याहून चलाख मॅनेजर निघालेत. वीज गेली तरी गाठोडं फाटू न देणारेही असतील. उद्या लेक त्यातला एखादा आणून माझ्या जागी बसवेल, तर खुशाल बसवू दे. माझी एवढीच विनंती, की त्यानंही सगळे येईपर्यंत थांबावं. आणि तुम्हालाही सांगणं आहे. एखादी घडी कायमची करून टाकण्याआधी जरा बघा, कोण यायचं राहिलंय का. आम्ही मुकाट्यानं लिहून घेणारे आहोत. आम्हाला विचारता येत नाही, विचारायचं तुम्हीच.

त्या दिवसाचं एवढंच राहिलं. सहा वाजत आले होते, वारा पडला होता. बाबा टेबलापाशी आले, माउसवर हात ठेवला आणि सेव्हच्या बटणापाशी नेऊन तसेच थांबले. बोट नुसतं टेकवत होते आणि उचलत होते. त्याची बारीक टकटक मला माइकमधून कळत होती.

"नको," ते म्हणाले. "कालही असंच दाबलं होतं. पुन्हा सगळं घालवीन मी."

मावशी आपल्या दुकानाकडे निघाल्या होत्या. त्या परत फिरल्या, पडद्यासमोर वाकल्या, बोटानं मोजलं आणि म्हणाल्या, "दाबा काका, चौघंही आहेत. आणि उद्या एखादा आला नाही, तर भिंतीवर थाप मारा. मला ऐकू येतं."